सगळं मिळतं, हीच पंचाईत

जुनी स्पोर्ट्स कार पुन्हा रस्त्यावर आणायची म्हटली की पहिला प्रश्न येतो पार्ट मिळण्याचा. बहुतेक गाड्यांच्या बाबतीत तो रास्तच असतो. थोडक्या संख्येनं बनलेली एखादी इटालियन गाडी हाती लागली, तर मागच्या दिव्याच्या एका काचेसाठी मालक वर्षभर पत्रव्यवहार करत बसतो. हे प्रकरण मात्र अशा गाडीचं आहे, जिच्यापुढे हा प्रश्न जवळजवळ उरलेलाच नाही. ती म्हणजे एमजीबी. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात ही गाडी बनली. उघड्या टपाची आणि १९६५ पासून बंद टपाची जीटी, अशा सगळ्या मिळून पाच लाखांहून जास्त गाड्या बाहेर पडल्या. त्यातल्या इतक्या अजून जिवंत आहेत की त्यांचे पार्ट बनवणं आणि विकणं हा स्वतंत्र धंदा झाला आहे. जाडजूड कॅटलॉग निघतात. नंबर प्लेटच्या दिव्याच्या स्क्रूपासून अख्ख्या बॉडीपर्यंत सगळं त्यात असतं.

पंचाईत होते ती इथेच. एकाच पार्टच्या नावापुढे तीन-तीन, चार-चार किमती छापलेल्या असतात. एक मूळ कंपनीचा, पडून राहिलेला जुना माल. एक मूळ साच्यांवर आज काढलेला. एक कुठेतरी स्वस्तात बनवलेली नक्कल. आणि एक 'सुधारित'. फोटो जवळजवळ सारखेच. नवखा माणूस यादी करतो, मधली किंमत धरतो, सगळं एकदम मागवतो, आणि दोन वर्षांनी गाडीतले नवे पार्ट जुन्यांच्या आधी निकामी झालेले बघतो.

थोडं गाडीविषयी. एमजी म्हणजे ऑक्सफर्डची मॉरिस गॅरेजेस. आज आपल्या रस्त्यांवर दिसणाऱ्या, गुजरातेत हालोलला बनणाऱ्या एमजी गाड्यांचं नाव तेच, पण घराणं वेगळं. त्यांच्या शोरूममध्ये जाऊन एमजीबीचा ऑइल सील मागण्यात अर्थ नाही. उलट इंजिन आपल्या चांगल्या ओळखीचं आहे. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ज्या बी-सिरीज कुळातलं १४८९ सीसीचं इंजिन आपल्या ॲम्बॅसेडरमध्ये कित्येक दशकं धडधडलं, त्याच कुळातलं १७९८ सीसीचं इंजिन एमजीबीत आहे. एमजीबीच्या आधीच्या एमजीएमध्ये तर सुरुवातीला १४८९ सीसीचंच होतं. त्यामुळे ॲम्बॅसेडरवर हात बसलेला मिस्त्री एमजीबीचं बॉनेट उघडून गांगरत नाही. डेल्को (म्हणजे डिस्ट्रिब्युटर) कुठे, टॅपेट कसे लावायचे, वॉटर पंप कुठून गळतो, हे त्याला पाठ असतं. फक्त पाने इंची लागतात. अर्ध्या इंचाच्या नटाला १३ मिलिमीटरचा पाना बसल्यासारखा वाटतो, जोर लावला की घसरतो आणि नटाचे कोपरे गोल करून ठेवतो. जुन्या इंग्रजी गाडीवर आधीच्या माणसानं काय केलं आहे, याचा पहिला पुरावा अशा गोल झालेल्या नटांमध्ये सापडतो.

इंजिनापेक्षा बॉडी महत्त्वाची, हे नवख्याला पटायला वेळ लागतो. इंजिन आवाज करतं, धूर सोडतं, लक्ष वेधून घेतं. पण बी-सिरीजचं इंजिन कुठल्याही बऱ्या लेथवाल्याकडून नीट करून घेता येतं. रीबोअर, क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग, यात गूढ काही नाही. एमजीबीचं खरं दुखणं पत्र्यात असतं, कारण एमजीएला होती तशी वेगळी चासी हिला नाही. पत्र्याच्या पेट्या एकमेकींना जोडून बनलेली बॉडी हीच चासी. त्यातून उघड्या गाडीला टप नाही. बुटांचा खोका झाकण काढून दोन्ही हातांनी पिळला की कसा वेडावाकडा होतो, ते आठवा. तो पीळ आवरण्याचं बरंचसं काम दाराखालच्या दोन पेट्यांवर येतं. त्यांना सिल म्हणतात.

बाहेरून दिसते ती सिलची फक्त पट्टी. आत एक उभा पत्रा, त्याच्या आत दुसरा, आणि खालच्या कडेला खाचाखाचांची कॅसल रेल. पुढच्या मडगार्डच्या आत चिखल साचतो, पाणी मुरतं, आणि गंज सिल आतून खात सुटतो. बाहेरची पट्टी तोवर रंगवलेली, चकाचक. ही पट्टी मडगार्डांखालून पुढेमागे आणखी आत जाते, आणि इथेच स्वस्त काम करणारा फसवतो. दोन मडगार्डांच्या मधला दिसणारा तुकडा तेवढा कापायचा, नवा तुकडा चिकटवायचा, सांध्यावर लांबी भरायची, रंग मारायचा. काम दोन दिवसांत होतं, गाडी विकली जाते. आतली पेटी मात्र तशीच कुजलेली.

विकत घेण्याआधी हे ओळखायचे साधे उपाय आहेत. मडगार्डच्या खालच्या भागावर लोहचुंबक फिरवायचा. जिथे तो धरत नाही तिथे लांबी आहे. मग सिलखाली ठरलेल्या जागी जॅक लावून एक बाजू उचलायची आणि त्या बाजूचं दार उघडून बघायचं. दार अडकलं किंवा बंद करताना घासलं, तर बॉडी मधून खचते आहे. तिसरी खूण दाराच्या पत्र्यावर असते. पुढच्या छोट्या तिकोनी काचेच्या पायथ्याशी एक बारीक तडा जाताना दिसतो. तो एमजीबीला इतका नेहमीचा आहे की नुसत्या त्याच्यावरून गाडी नाकारू नये. पण तिन्ही खुणा एकत्र दिसल्या, तर विक्रेता कितीही गोड बोलला तरी सिलचा खर्च धरूनच भाव करावा.

सिल बदलण्याचं काम जवळून बघण्यासारखं आहे, कारण कुठला पार्ट घ्यावा या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात मिळतं. चांगला कारागीर आधी काही कापतच नाही. गाडीचं वजन ॲक्सलवर राहील अशी ती टेकवतो, म्हणजे बॉडी चालताना जशी बसलेली असते तशीच राहते. मग दाराच्या चौकटीत बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत लोखंडी नळी टाके मारून घट्ट करतो. एका वेळी एकच बाजू. पुढचं मडगार्ड बोल्टांवर असतं, ते उतरतं. मागचं वेल्ड केलेलं असतं, त्याचा खालचा भाग कापावा लागतो. सडलेला पत्रा काढला की आतला गंज मुठीमुठीनं खाली पडतो. नवा पत्रा क्लॅम्पनं धरायचा, दार लावून बघायचं, फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का ते तपासायचं, चार टाके मारायचे, पुन्हा दार लावून बघायचं. आधारनळी न लावता सिल कापली तर बॉडी काही मिलिमीटरनं खाली बसते. नवी सिल त्या बसलेल्या अवस्थेतच वेल्ड होते, आणि ते दार मग कधीच सरळ लागत नाही.

आता पार्टाकडे वळू. मूळ साच्यांवर काढलेली सिल महाग असते. नक्कल तिच्यापेक्षा बरीच स्वस्त. नकलेचा पत्रा कधी पातळ, कधी घडी अर्ध्या बोटानं सरकलेली, कधी मडगार्डशी जुळायची रेघ जुळतच नाही. मग कारागीर हातोडी, डॉली घेऊन ती ठोकत बसतो, आणि मजुरीच्या तासांत वाचवलेले पैसे दुपटीनं जातात. पत्र्याच्या कामात माल हा एकूण खर्चाचा लहान वाटा असतो, मोठा वाटा हाताच्या कामाचा. तो मोठा वाटा कमी करणारा माल महाग असला तरी स्वस्तच पडतो. माझं मत विचाराल तर एमजीबीत काटकसर करायला शंभर जागा आहेत, बॉडीचा पत्रा त्यांत येत नाही.

मूळ साच्यांची गोष्ट रंजक आहे. गाडी बंद झाल्यावर तिचे पत्रे दाबणारे साचे वेगवेगळ्या ठिकाणी विखुरले होते. ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेनं ते शोधून पुन्हा एकत्र आणले, आणि १९८८ साली एमजीबीची संपूर्ण नवी बॉडी विकायला काढली. उत्पादन बंद होऊन आठ वर्षं झालेल्या गाडीची कोरी बॉडी मिळणं तेव्हा नवलाचं होतं. आपल्या कुजलेल्या गाडीतून इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल, सीटा काढायच्या आणि नव्या बॉडीत बसवायच्या. याच बॉडीत फेरफार करून रोव्हर कंपनीनं पुढे १९९० च्या दशकात व्ही-८ इंजिनाची एमजी आरव्ही-८ काढली. सुमारे दोन हजार बनल्या, आणि त्यांतल्या बहुतेक जपानला गेल्या. जपान्यांनी त्या जपून वापरल्या, आणि नंतर कितीतरी परत इंग्लंडला आल्या.

बॉडीच बदलली तर गाडी तीच राहिली का? तात्त्विक वाटणाऱ्या या प्रश्नाचं उत्तर सरकारी कागदांवर द्यावं लागतं. ब्रिटनच्या वाहन नोंदणी खात्यानं बरीच वर्षं त्यासाठी गुण लावले. मूळ बॉडी किंवा चासी, अथवा उत्पादकाकडून आलेली तशीच नवी, यांना ५ गुण. सस्पेन्शन, ॲक्सल, गिअरबॉक्स, स्टिअरिंग यांना प्रत्येकी २. इंजिनाला फक्त १. एकूण ८ भरले की जुना नंबर कायम. आपल्याकडे ज्या इंजिन नंबरापाशी सगळी चौकशी येऊन थांबते, त्या इंजिनाला सगळ्यांत कमी मान, हे लक्षात घेण्यासारखं आहे. भारतात २०२१ साली ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी नियम आले. त्यांना 'व्हीए' अक्षरांची स्वतंत्र नंबरमालिका मिळते, पण गाडी मूळ रूपात असावी आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत, अशी अट आहे. तेव्हा मुंबई-पुण्यात एखाद्याकडे जुनी एमजीबी असेल, तर कोरी बॉडी मागवण्याआधी त्यानं आरटीओचा दरवाजा ठोठावावा. जुनी बॉडी आधी भंगारात घालून मग चौकशीला जाऊ नये.

मूळ रूप म्हणजे नेमकं काय, तेही कळू शकतं. एमजीबीच्या उत्पादनाच्या नोंदवह्या टिकल्या आहेत. वॉरिकशरमधल्या गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडे गाडीचा नंबर कळवून पैसे भरले की ती कोणत्या दिवशी बनली, कोणत्या रंगाची होती, कोणतं इंजिन बसवलं होतं, कुठल्या देशात पाठवली, हे दाखल्यावर लिहून येतं. नंबरच बरंच सांगतो. जीएचएन-३ नं सुरू झाला तर उघड्या टपाची, जीएचडी-३ असेल तर जीटी. जी म्हणजे एमजी, एच इंजिनाच्या आकाराचा वर्ग. मला हा दाखला मोठा उपयोगी वाटतो. लाल रंगाची म्हणून जपलेली गाडी मुळात फिकट निळी होती, हे रंगाचे डबे विकत घ्यायच्या आधी कळलेलं बरं.

बॉडी झाली की उरलेल्या पार्टांची यादी समोर येते आणि दमछाक होते. इथे मी किमतीचा कॉलम झाकून ठेवायला सांगतो. आधी दोन गोष्टी विचारायच्या: हा पार्ट गेला तर काय होईल, आणि बदलायचा झाला तर तिथपर्यंत पोचायला किती काम आहे.

क्लचचं रिलीज बेअरिंग घ्या. एमजीबीत ते कार्बनचं, हातात मावेल एवढं असतं. ते बदलायचं तर इंजिन बाहेर काढावं लागतं. म्हणजे रेडिएटर, होज, सायलेंसरचा पाइप, वायरी, सगळंच. अशा जागी स्वस्तातला पार्ट घेणं हे स्वतःशीच वैर आहे. शिवाय इंजिन बाहेर आलंच आहे, तर क्लच प्लेट, मागचं ऑइल सील, ब्लॉकचे कोअर प्लग, हे सगळं चांगल्यातलं घालून मोकळं व्हावं. उलट हेडलाइटची रिंग नकली घेतली आणि दोन वर्षांत तिचा क्रोम उडाला, तर एक स्क्रू काढून दुसरी लावता येते. तिथे काटकसर जरूर करावी.

डेल्कोतला रोटर आर्म हे याच्या मधलं प्रकरण. बोटाएवढा प्लास्टिकचा तुकडा, मधे पितळी पट्टी. बदलायला अर्धं मिनिट. पण तो गेला की गाडी जागच्या जागी बंद पडते, मग तुम्ही वरळी नाक्यावर असा की खंबाटकीत. नकली रोटर आर्ममध्ये पितळी पट्टी धरून ठेवणारा रिवेट खोलवर गेलेला असतो, वरचं प्लास्टिकही हलक्या प्रतीचं. इंजिन तापलं की करंट रिवेटमधून प्लास्टिक भेदून खाली शाफ्टमध्ये उतरतो. गाडी थंड असताना उत्तम चालते, तापली की मिसफायर होते, आणि मालक कार्ब्युरेटर खोलत बसतो. या भानगडीवर उपाय म्हणून रिवेट नसलेले, लाल रंगाचे रोटर आर्म बनू लागले. ते घ्यावेत. कंडेन्सरचंही तेच. आणि गाडीतून निघालेला जुना, चालू स्थितीतला रोटर आर्म कागदात गुंडाळून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवावा. तीस-चाळीस वर्षं चाललेला पार्ट आणखी शंभर किलोमीटर नक्की चालतो. डब्यातून कालच निघालेल्याची अशी खात्री कुणी द्यावी?

माझा सगळा अनुभव इथेच येऊन ठेपतो. काढलेला जुना पार्ट टाकायचा नाही, निदान नवा वर्षभर चालेपर्यंत. आणि शक्य असेल तिथे नवा घेण्याआधी जुनाच दुरुस्त करून बघायचा. एस यू कार्ब्युरेटर याचं उत्तम उदाहरण. बहुतेक एमजीबींत दोन असतात. साठ वर्षांत त्यांचं शरीर झिजत नाही, झिजतो तो थ्रॉटलचा दांडा आणि त्याची भोकं. तिथून हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होतं, गाडी आयडलिंगला थरथरते. भोकं मोठी करून बुश ठोकले, नवे दांडे घातले, नीडल-जेट बदलले, की तीच कार्ब्युरेटर नव्यासारखी चालतात. एस यू च्या नावानं नवी कार्ब्युरेटर आजही बनतात, तीही चांगली असतात. पण गाडीबरोबर आलेली जोडी हातातून घालवण्याचं कारण मला दिसत नाही.

पुढच्या सस्पेन्शनचे आर्मस्ट्राँग डॅम्परही असेच. ते आजच्यासारखे नळीचे नाहीत. तेल भरलेली एक पेटी, आणि तिचे हातच वरच्या विशबोनचं काम करतात. गळत असतील तर चांगल्या माणसाकडून सील बदलून घ्यावेत. ते काढून आधुनिक डॅम्पर लावण्याचे किट मिळतात आणि जाहिरातींत गाडी एकदम रेसिंगची झाल्याचं सांगतात. पण एमजीबी आहे ९५ अश्वशक्तीची, मऊ, वळणावळणांच्या गावरस्त्यावर मजेत पळणारी गाडी. तिला दुसरीच गाडी बनवण्याची हौस असेल, तर दुसरीच गाडी घेतलेली काय वाईट?

तरी मूळचंच सगळं उत्तम, असं म्हणणारा भाबडा ठरेल. कारखान्यानं स्वतःच सुधारलेले पार्ट असतात, त्यांचा फायदा घ्यावा. पुढच्या खालच्या विशबोनचे साधे रबरी बुश लवकर चुरतात. आज मिळणारं रबर तर जुन्यापेक्षाही हलकं. पण १९७३ ते १९७६ मध्ये निघालेल्या एमजीबी जीटी व्ही-८ साठी कारखान्यानं पोलादी नळीत बसवलेलं रबर वापरलं होतं. ते साध्या एमजीबीत तसंच बसतं, कितीतरी जास्त टिकतं, आणि गाडीच्या घराण्याबाहेरचंही नाही. पॉलियुरेथेनचे रंगीबेरंगी बुश त्याहून टिकाऊ असतात. पण ते रस्त्याचा प्रत्येक खड्डा पाठीपर्यंत पोचवतात आणि कधीकधी कुरकुरतात. आपल्या रस्त्यांवर मी व्ही-८ चेच निवडीन.

रबराचा विषय निघालाच आहे तर पेट्रोल. एमजीबी बनली तेव्हा पेट्रोलमध्ये शिसं होतं आणि इथेनॉल नव्हतं. आता उलटं आहे. शिसं गेल्यामुळे एक्झॉस्ट व्हॉल्वच्या सीटा हळूहळू खचतात. त्यावर कठीण धातूच्या सीटा बसवणं हा उपाय. पण त्यासाठी धडधाकट इंजिन खोलू नये. कधीतरी हेड उतरेल तेव्हा करून घ्यावं, तोवर टॅपेटचं माप तपासत राहावं. इथेनॉलच्या बाबतीत मात्र घाई करावी. ब्रिटनमध्ये २०२१ पासून १० टक्क्यांचं मिश्रण नेहमीचं झालं, आपल्याकडे तर २० टक्के. जुन्या रबरी होज त्यात फुगतात, मऊ पडतात, भेगाळतात, आणि एमजीबीची कार्ब्युरेटर नेमकी तापलेल्या एक्झॉस्टच्या डोक्यावर असतात. पेट्रोलची प्रत्येक होज इथेनॉल सोसणारी घ्यावी आणि तिच्यावर छापलेला दर्जा वाचूनच घ्यावी. विणलेल्या कापडाच्या आवरणाची होज दिसायला जुन्या काळची, देखणी असते, पण आतलं रबर कुठलं, हे बाहेरून कळत नाही.

ब्रेकबाबत बोलण्यासारखं थोडंच आहे. जुनं सगळं बदला, उत्तमातलं घाला, विषय संपला. पोलादी नळ्यांऐवजी तांबं-निकेलच्या घ्याव्यात, त्या गंजत नाहीत. टायरसुद्धा नक्षी शाबूत दिसते म्हणून ठेवू नयेत. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. तिथे चार आकडेच नसतील, तर तो टायर गेल्या शतकातला आहे.

तारांची चाकं हा एमजीबीचा दागिना. ती हबच्या दातांवर बसतात आणि मधल्या एकाच मोठ्या नटानं आवळली जातात. हे दात झिजून टोकदार होतात. ब्रेक दाबला, क्लच सोडला की खट्ट असा आवाज येतो. मालक हौसेनं चार नवी चाकं मागवतो आणि झिजलेल्या जुन्या हबवर चढवतो. वर्षभरात हब नव्या चाकांचे दात खाऊन टाकतो. हब आणि चाक जोडीनंच बदलायचं असतं. हब घेताना आणखी एक डोळ्यात तेल घालून बघायचं. गाडीच्या डाव्या बाजूला सुलटे आटे आणि उजव्या बाजूला उलटे असतात, म्हणजे चालता चालता नट सैल होत नाही. जुनी गाडी अनेक हातांतून गेलेली असते. कुणीतरी मागचा ॲक्सल खोलून हब अदलाबदल करून बसवले असतील, तर नट प्रत्येक किलोमीटरला सुटत जाईल. हातोडा घेण्याआधी आटे कुठल्या दिशेचे आहेत ते डोळ्यांनी बघावं.

वायरिंगवरून ल्यूकस कंपनीची इंग्रज लोक भरपूर टिंगल करतात, तिच्या संस्थापकाला अंधाराचा राजपुत्र म्हणतात. यात थोडा अन्याय आहे. बहुतेक वेळा दोष कंपनीच्या पार्टात नसतो, गंजलेल्या अर्थिंगमध्ये आणि गोळीसारख्या जोडांमध्ये असतो. तारांचे रंग एकदा लक्षात ठेवले की काम सोपं होतं. तपकिरी थेट बॅटरीची, पांढरी चावी फिरवल्यावर करंट येणारी, हिरवी त्याच्या पुढे फ्यूजमधून आलेली, काळी अर्थची. आधीच्या मालकानं जिथे हाताला लागेल ती लाल तार वापरून जोडकाम केलं असेल, तिथे दुरुस्ती करत बसू नये. कोरा हार्नेस आणावा, योग्य सालाचा. १९६७ पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असे, त्यानंतर ऋण. हे न बघता नवा इलेक्ट्रॉनिक पंप किंवा इग्निशन जोडलं, की पहिल्याच चावीला ते जळतं, आणि विक्रेता परत घेत नाही.

क्रोमचं काम उरकून घेऊ. पोलादी बंपर पुन्हा निकेल-क्रोम करून घेता येतात, आणि मूळचा जाड पत्रा नकलेपेक्षा घडीदार दिसतो. दारांच्या मुठींसारखं जस्ताच्या मिश्रधातूचं ओतकाम मात्र एकदा फोडासारखं उठलं की सहसा सुधारत नाही. तिथे नवंच घ्यावं. १९७४ च्या शेवटापासून अमेरिकेच्या नियमांपायी आलेले काळे रबरी बंपर काढून क्रोमचे लावणारे पुष्कळ आहेत. पूर्वी मीही तोच सल्ला दिला असता. हल्ली काळ्या बंपरची, मूळ अवस्थेतली गाडी दिसली की ती तशीच ठेवा म्हणतो, कारण त्या झपाट्यानं कमी होत आहेत. जुन्या गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानं स्वीकारलेल्या तुरिन सनदेचाही कल तसाच आहे. आहे ते राखा, बदललं तर त्याची नोंद ठेवा.

शेवटी इंजिन. नवा कॅमशाफ्ट घातला तर टॅपेट नवेच, आणि शक्यतो त्याच विक्रेत्याकडून. जुने टॅपेट नव्या कॅमवर चालवायचे नाहीत. बाजारात काही नवे टॅपेट मऊ निघाले आहेत, ते काही शे किलोमीटरमध्येच तळातून खणले जातात. कॅमच्या टोकांना असेंब्ली लुब्रिकंट चोपडावं आणि तेल २०-डब्ल्यू-५० भरावं, ज्यात जस्ताचं पुरेसं प्रमाण आहे असं. आजच्या गाड्यांसाठीच्या पातळ तेलात ते कमी केलेलं असतं. पहिल्यांदा सुरू झाल्यावर इंजिन आयडलिंगला सोडायचं नाही. ताबडतोब दोन हजार आरपीएमच्या वर न्यायचं आणि वीसेक मिनिटं तिथेच खालीवर करत ठेवायचं, कारण कमी वेगात कॅमवर तेल पुरेसं उडत नाही. म्हणून पेट्रोल, पाणी, टायमिंग, ऑइल प्रेशर, सगळं सुरू करण्याआधीच तपासलेलं हवं. सातशे-आठशे किलोमीटरनंतर तेल आणि फिल्टर बदलायचा, थंड इंजिनावर हेडचे नट ठरलेल्या क्रमानं पुन्हा टॉर्कला आणायचे, आणि त्यानंतर टॅपेट १५ थाउला, म्हणजे इंचाच्या १५ हजारांश फटीला, लावायचे. क्रम उलटा केला तर टॅपेट दुसऱ्यांदा लावावे लागतात.